अंगावरून वारे जाते तेव्हा

मराठवाड्यात पक्षाघाताला पक्षाघात म्हणणारे थोडे, लकवा म्हणणारे काही आणि ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणणारे पुष्कळ. घनसावंगी, अंबड, परतूर या तालुक्यांत व्यवसाय करणाऱ्या वैद्याला हे शब्द नित्य ऐकावे लागतात. ‘वारे’ म्हणजे वात, आणि पक्षाघात हा वातव्याधी. तेव्हा शास्त्राचा सिद्धान्त लोकभाषेने आपल्या परीने जपला आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु याच शब्दप्रयोगाने एक अनर्थही घडविला आहे. वारे बाहेरून आले आणि अंगावरून निघून गेले, अशी समजूत त्यातून रूढ झाली. मग जे अंग गेले ते शेकावे, चोळावे, तेल जिरवावे, उबदार पांघरुणात ठेवावे, हे ओघानेच आले. कोणी पारव्याचे रक्त चोळण्याचा सल्ला देतो, कोणी गंडा बांधतो. वारे नेमके कोठे गेले, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. बिघाड त्या हातात नसतो, त्या पायातही नसतो. तो विरुद्ध बाजूच्या मेंदूत, एका रक्तवाहिनीत घडलेला असतो. हात-पाय केवळ त्याची बातमी देत असतात.

मेंदूचे शारीर हा विषय पदवीच्या पहिल्या वर्षी परीक्षेपुरता वाचून बाजूस ठेवण्याचा नाही. गावात बसणाऱ्या वैद्याला रोजच्या व्यवसायात त्याची गरज आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. एवढेच नव्हे, तर औषधालयाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या आमच्या बंधूंनाही त्यातील चार गोष्टी ठाऊक असणे आवश्यक झाले आहे. याचे कारण हौस नव्हे, घड्याळ आहे. त्याविषयी पुढे येईलच.

जांब समर्थ या गावाचे उदाहरण आम्ही येथे मुद्दाम घेतो. समर्थ रामदासस्वामींचे हे जन्मगाव. 1608 साली रामनवमीस सूर्याजीपंत ठोसर यांच्या घरी नारायण जन्मास आला, आणि लहानपणी अंधाऱ्या खोलीत एकटाच विचार करीत बसलेल्या या मुलाने आईला आपण विश्वाची चिंता करीत असल्याचे सांगितले, ही आख्यायिका जांबेच्या लहान मुलांनाही ठाऊक असते. पुढे याच नारायणाने दोनशेपाच श्लोक रचून मनाला उपदेश केला. मनाची महती ज्या गावाला कोणी नव्याने सांगावयास नको, त्या गावीदेखील मन ज्या इंद्रियाच्या आधाराने व्यवहार करते त्या मेंदूविषयी चार वाक्ये सांगणारा मनुष्य सहसा मिळत नाही. हा दोष गावकऱ्यांचा नव्हे. ते सांगण्याचे काम वैद्याचे होते, आणि एकंदर वैद्यवर्गाने ते फारसे मनावर घेतले नाही.

असे का झाले असावे? एक कारण जुन्या वादात आहे. चेतनेचे स्थान हृदय, ही चरकांची भूमिका आपण सारे जाणतो. त्यामुळे मेंदू हा विषय ‘त्यांचा’ आणि हृदय हा विषय ‘आपला’ अशी एक अदृश्य वाटणी आपल्यातील काहींनी करून टाकली. ही वाटणी ग्रंथांना मान्य नाही. प्राण आणि सर्व इंद्रिये जेथे आश्रित आहेत ते शिर, आणि म्हणूनच ते उत्तमांग, असे चरकच सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात सांगतात. सिद्धिस्थानात हृदय, बस्ती आणि शिर या तीन मर्मांचा स्वतंत्र विचार आहे. तेथे शिरावर आघात झाला असता काय होते याची जी यादी दिली आहे, ती प्रत्येक वैद्याने पुन्हा एकदा काढून वाचावी. मान ताठरणे, अर्दित, डोळ्यांचा विभ्रम, मोह, हालचालीचा नाश, वाचा जाणे, बोलणे अडखळणे ही सारी लक्षणे तेथे एकत्र आलेली आहेत. डोके दुखावले की हात-पाय आणि वाणी जाते, हे ज्यांनी पाहिले आणि नोंदविले, त्यांच्या वारसांनी मेंदूला परका मानावे, हे आम्हांस विचित्र वाटते.

भेलाचार्य तर याहून पुढे गेले. शिर आणि तालू यांच्या मध्ये मन राहते, असे त्यांनी उन्मादाच्या संदर्भात म्हटले आहे. भेलसंहिता आपल्याला खंडित स्वरूपातच मिळाली. तिचे तेलुगू लिपीतील हस्तलिखित तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाले आणि 1921 साली कलकत्ता विद्यापीठाने ती संहिता प्रसिद्ध केली. हे ग्रंथालय वाढविले ते सरफोजीराजे भोसले यांनी, आणि त्याच तंजावरात समर्थ संप्रदायाचा मठ आहे. जांबेहून निघालेला उपदेश आणि मन डोक्यात आहे असे सांगणारी पोथी, दोहोंना एकाच मराठी राज्याने आसरा दिला, हा योगायोग मोठा गोड आहे. त्यातून काही सिद्ध होत नाही. पण नमूद केल्यावाचून राहवले नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते शवविच्छेदनाच्या पद्धतीत आहे. सुश्रुतांनी शारीरस्थानात सांगितलेली पद्धत आपणांस ज्ञात आहेच. विषाने वा दीर्घ व्याधीने न मेलेल्या मनुष्याचे शव घ्यावे, आतड्यांतील मळ काढावा, मुंज वा कुश यांसारख्या तृणांनी गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावे, संथ वाहत्या पाण्यात गुप्त जागी सात रात्री कुजू द्यावे आणि मग वाळा, केस, वेळू यांच्या कुंचल्याने हळूहळू घासून एकेक थर पाहावा. त्वचा, स्नायू, संधी आणि अस्थी पाहण्यासाठी त्या काळी याहून उत्तम युक्ती क्वचितच कोणाला सुचली असेल. परंतु मेंदू हा शरीरातील अत्यंत मऊ अवयव. त्याचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पाणी. मृत्यूनंतर जे अवयव लवकर विरघळतात त्यांत त्याची गणना होते. सात रात्री पाण्यात राहिलेल्या देहाच्या कवटीत ना वळ्या दिसणार, ना गाभा. दिसणार ती केवळ रबडी. चरकांनी मस्तिष्काचे प्रमाण रस-रक्तादी द्रव पदार्थांच्या पंक्तीत, अर्धी अंजली असे दिले, त्यामागे हेच कारण असावे, असे आमचे अनुमान आहे. अलीकडे काही लेखक हे अर्धी अंजली म्हणजे मेंदूभोवतालचा द्रवच होय, असे ठासून सांगतात. तो द्रव सुमारे दीडशे मिलिलिटर असतो, त्यामुळे मोह पडणे साहजिक आहे. पण आकडा जवळपास जुळला म्हणून अर्थ जुळला, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

युरोपातही मेंदू कडक करून कापण्याची सोय झाल्यावाचून त्याचे शारीर पुढे सरकले नाही, आणि फॉर्मॅलिनचा उपयोग तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, 1893 च्या सुमारास सुरू झाला. अर्थात, साधन नव्हते म्हणून आपल्या आचार्यांनी जे पाहिले नाही, ते आज साधन असताना आपणही पाहू नये, हा कोठला न्याय? आधुनिक काळात, 1836 साली, कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शवावर सुरी ठेवणारे पंडित मधुसूदन गुप्त हे मूळचे वैद्यच होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कविराज गणनाथ सेन यांनी ‘प्रत्यक्षशारीरम्’ संस्कृतात लिहिले. आपल्या भास्कर गोविंद घाणेकरांनी काशीत बसून सुश्रुत शारीरावर जी हिंदी टीका लिहिली, तीत प्राचीन आणि अर्वाचीन शारीर शेजारी शेजारी मांडले. परंपरा म्हणावयाची तर हीसुद्धा आपलीच परंपरा आहे.

आता प्रत्यक्ष मेंदूकडे वळू. प्रौढ मनुष्याचा मेंदू तेराशे ते चौदाशे ग्रॅम भरतो. शरीराच्या वजनाचा तो जेमतेम पन्नासावा हिस्सा. पण विश्रांत अवस्थेत शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा खातो. आणि एवढे खाणाऱ्या या अवयवाजवळ साठवण मात्र जवळजवळ नाही. यकृतात कोठार आहे, मांसात आहे, मेदात तर आहेच. मेंदू रोज कमावून रोज खाणारा. रक्त थांबले की काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत पेशी मरू लागतात. मानेतून वर जाणाऱ्या चार धमन्या, पुढच्या दोन आणि मागच्या दोन, कवटीच्या तळाशी एकमेकींना मिळून एक कडे तयार करतात. इंग्लंडच्या टॉमस विलिसने 1664 साली या कड्याचे वर्णन केले व आजही ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. या कड्यातून निघणाऱ्या शाखांची हद्द ठरलेली आहे, आणि वैद्याच्या दृष्टीने खरी कामाची गोष्ट तीच. कोणत्या शाखेत अडथळा आला हे रुग्णाच्या अंगणात उभे राहूनही पुष्कळ अंशी सांगता येते.

मोठ्या मेंदूच्या प्रत्येक अर्ध्या गोलार्धावर, साधारण कानाच्या रेषेत, हालचालीचा एक पट्टा आहे. त्यात मनुष्य उलटा टांगलेला आहे असे समजावे. पाय वर, दोन गोलार्धांच्या मधल्या फटीत, हात बाजूला, चेहरा खाली. मधली धमनी बाजूच्या भागाला रक्त पुरविते, म्हणून ती तुंबली की चेहरा आणि हात अधिक जातात, पाय त्या मानाने राहतो. पुढची धमनी तुंबली की पाय अधिक जातो. हे सारे तंतू खाली उतरताना लंबमज्जेत एकमेकांना ओलांडतात. म्हणून डाव्या मेंदूचा आघात उजव्या अंगात दिसतो. याच रचनेतून अर्दिताचा एक निर्णायक भेद हाती येतो. कपाळाच्या स्नायूंना दोन्ही गोलार्धांतून आज्ञा मिळते. तोंड वाकडे झालेल्या रुग्णाला भुवया उंचावण्यास सांगावे. दोन्ही बाजूंना आठ्या पडल्या आणि ओठ मात्र एकीकडे ओढला गेला, तर बिघाड मेंदूत असण्याचा संभव मोठा. कपाळही गुळगुळीत राहिले आणि डोळा मिटेना, तर बहुधा चेहऱ्याची नाडी कवटीबाहेर वा कानाजवळ बिघडली आहे. सुश्रुतांचा अर्दित मुखापुरता आणि चरकांच्या अर्दितात शरीरार्धही येऊ शकतो, हा पाठभेद विद्यार्थी तोंडपाठ करतात. पण त्या दोन रुग्णांपैकी एकाला तासाभरात रुग्णालयाकडे धाडावयाचे आहे आणि दुसऱ्याला सावकाश उपचार करता येतील, हे सांगणारी आठी कोणी पाहत नाही.

वाणीचे तसेच. बहुतेकांच्या बाबतीत भाषेचे केंद्र डाव्या गोलार्धात असते. पॅरिसच्या ब्रोकाने 1861 मध्ये एका रुग्णाचा मेंदू तपासला; हा मनुष्य अनेक वर्षे एकच अक्षर उच्चारू शकत होता, पण ऐकलेले त्याला कळत होते. त्याच्या डाव्या ललाटखंडात खालच्या बाजूस विकृती आढळली. पुढे 1874 साली वेर्निकेने याच्या उलट प्रकार दाखविला: रुग्ण भराभरा बोलतो, पण शब्दांना अर्थ नाही, आणि समोरच्याचे बोलणे त्याला उमगत नाही. हा दुसरा प्रकार आमच्या खेड्यांत फार फसवा ठरतो. हात-पाय शाबूत, ताप नाही, आणि काल संध्याकाळपर्यंत नीट बोलणारी म्हातारी आज सकाळी असंबद्ध बडबडू लागते. घरचे म्हणतात, बाहेरचे झाले. मग अंगारा, देवऋषी, उतारा. क्वचित वैद्यही उन्माद समजून शिरोधारेची तयारी करतो. उन्माद असा घटकाभरात उगवत नाही, एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुरे. अचानकपणा हेच येथे मुख्य लक्षण.

उजव्या गोलार्धाचा आघात आणखी चमत्कारिक. डावे अंग गेलेले असते आणि रुग्ण ठामपणे सांगतो की मला काही झालेले नाही. ताटातील डाव्या बाजूची भाजी तो पाहत नाही. नातेवाईक त्याच्या शब्दावर विश्वासतात आणि दिवस निघून जातो.

लहान मेंदू मागे, मानेच्या वर. मेंदूतील सुमारे 86 अब्ज चेतापेशींपैकी बहुसंख्य पेशी या लहानशा भागात आहेत, ही गणना 2009 मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी प्रसिद्ध केली. तोल आणि हालचालींचा ताळमेळ हे त्याचे मुख्य काम. येथे रक्तपुरवठा थांबला तर हात लुळा पडत नाही, चेहरा वाकडा होत नाही. रुग्ण चक्कर आली म्हणतो, ओकतो, आणि उभा केला तर एका बाजूला कलंडतो. उन्हाळ्याचे दिवस असले तर पित्त खवळले, असे निदान घरातच होते. वैद्यानेही सूतशेखर देऊन परत पाठविल्याची उदाहरणे आमच्या कानी आली आहेत. आमची विनंती एवढीच की भोवळ व उलटी अचानक सुरू झालेल्या, विशेषतः रक्तदाब वा मधुमेह असलेल्या वयस्क रुग्णाला पुडी बांधून देण्यापूर्वी दोन माणसांच्या आधाराने चार पावले चालवून पाहावे. आधाराशिवाय उभेच राहता येत नसेल तर ते पित्त नव्हे, असे गृहीत धरून चालावे.

आणि त्याच्याही खाली मस्तिष्कस्तंभ. अंगठ्याएवढ्या जाडीच्या या दांड्यात श्वास, गिळणे, शुद्ध राहणे यांची सूत्रे. प्राणवायूचे स्थान मूर्धा, असे म्हणणाऱ्या वाग्भटांच्या वाचकाला हे फार वेगळे सांगावे लागू नये.

आता घड्याळाचा विषय. मोठी धमनी तुंबली असता उपचाराविना दर मिनिटाला सुमारे 19 लक्ष चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब 2006 साली अमेरिकेतील चेतातज्ज्ञ सेव्हर यांनी मांडला. गुठळी विरघळविणारे औषध शिरेतून तीन तासांच्या आत दिल्यास रुग्ण अपंगत्वातून वाचू शकतो, हे 1995 मध्ये सिद्ध झाले. 2008 मध्ये ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढली. मोठ्या धमनीतील गुठळी नळीवाटे ओढून काढण्याची पद्धत 2015 पासून मान्य झाली. ती सहा तासांपर्यंत, आणि निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही उपयोगी पडते. परंतु या साऱ्याआधी सी.टी. स्कॅन अपरिहार्य आहे, कारण धमनी तुंबली आहे की फुटली आहे हे नाडीवरून, चेहऱ्यावरून वा अनुभवावरून खात्रीने सांगता येत नाही, आणि फुटलेल्या धमनीत हेच औषध प्राणघातक ठरते. अनुभवी वैद्याला हे विधान कदाचित रुचणार नाही. तरी ते खरे आहे.

जांबेच्या रुग्णाने जालना गाठावयाचे, तेथे सोय न झाल्यास आणखी 60 किलोमीटर छत्रपती संभाजीनगर. वाहन मिळण्यास अर्धा तास, नातेवाइकांच्या विचारविनिमयास तास, वाटेत एका दवाखान्यात सलाईन, दुसऱ्यात तेलाने मालीश. साडेचार तास केव्हाच संपतात. 2014 पासून राज्यात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका धावते आणि तिच्यात आयुर्वेद पदवीधर वैद्य मोठ्या संख्येने काम करीत आले आहेत. जालन्यास 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. साधने पूर्वीपेक्षा वाढली. पण पहिला निर्णय अजूनही गावातच होतो, आणि तो बहुधा आपल्यापैकी कोणाच्या तरी पायरीवर होतो.

त्या पायरीवर काय करावे? वेळ विचारावी, आणि ती लिहून द्यावी. ‘केव्हा लक्षात आले’ ही वेळ नव्हे. ‘शेवटचे धडधाकट केव्हा पाहिले’ ही वेळ. पहाटे उठताना हात गेलेला आढळला तर मोजणी रात्री निजण्याच्या वेळेपासून. रक्तातील साखर पाहावी, कारण साखर अतिशय उतरली तरी हुबेहूब असेच चित्र दिसते. तोंडाने काहीही देऊ नये: काढा नाही, घृत नाही, मधातील मात्रा नाही, पाणीसुद्धा नाही. गिळण्याची सूत्रे बिघडली असतील तर दिलेले औषध फुप्फुसात जाते, आणि पक्षाघातातून वाचलेला रुग्ण त्या न्यूमोनियाने दगावतो. शुद्ध हरपलेल्या रुग्णाला तीक्ष्ण नस्य देण्याचा मोहही याच कारणाने आवरावा. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून जिभेखाली गोळी फोडून तो झटकन उतरविणे, ही जी पद्धत काही ठिकाणी पडली आहे ती घातक आहे; उपाशी पडलेल्या भागाला जे थोडे रक्त मिळत असते तेही त्यामुळे तुटते. आणि ज्याचा हात वा वाचा पंधरा मिनिटे जाऊन परत आली, त्याला ‘वारे निघून गेले’ म्हणून घरी पाठवू नये. मोठा आघात पुढच्या काही तासांत वा दिवसांत येण्याचा धोका अशा रुग्णातच अधिक.

आघाताविषयी जाता जाता एक सांगतो. शंख हे मर्म सुश्रुतांनी सद्यःप्राणहरांत मोजले. कवटीचे हाड तेथे पातळ आहे आणि त्याच्या आतील बाजूस मेंदूच्या आवरणाची धमनी खाचेतून जाते. दुचाकीवरून पडून कानशिलावर मार बसलेला तरुण उठतो, कपडे झटकतो, चहा घेतो, आणि दोन-चार तासांनी बेशुद्ध होतो. आत साचणारे रक्त मेंदूला दाबीत असते. सुश्रुतांना ती धमनी ठाऊक होती, असा दावा आम्ही करीत नाही. मर्म मात्र त्यांनी अचूक हेरले होते. कानशिलावर मार लागून थोडाही काळ शुद्ध गेलेल्याला जखम धुऊन घरी सोडणे, हे सुश्रुत वाचलेल्यास शोभत नाही.

यावर आमचे काही मित्र म्हणतात की असे सारे रुग्ण पुढे पाठवावयाचे, तर पक्षाघाताच्या चिकित्सेत आयुर्वेदाचे राहिले काय? आमच्या मते पुष्कळच राहिले. गुठळीचे औषध मिळो वा न मिळो, रुग्णालयातून परत येणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला पुढचे सहा महिने, वर्ष, कधी आयुष्यभराचे अपंगत्व येते. खांदा जखडतो, मलावष्टंभ होतो, झोप जाते, मन खचते. स्नेहन, स्वेदन, बस्ती, पथ्यकर आहार आणि रुग्णाला रोज उठवून बसविणारा शब्द यांची खरी वेळ तेव्हा येते. वातावर बस्तीचे महत्त्व आपण कोणाकडून शिकावे असे नाही. मात्र तेव्हाही रुग्णालयाचा कागद वाचावा. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असताना कोणते चूर्ण, कोणती रसौषधी द्यावयाची याचा विचार हवा. आणि ‘आमचे सुरू केले, त्यांचे बंद करा’ हे वाक्य उच्चारू नये. रक्तदाबाच्या गोळ्या अशा सांगण्यावरून सोडलेल्यांनाच दुसरा झटका येताना दिसतो.

औषधालयाच्या मालकांशीही दोन शब्द बोलावयाचे आहेत. मुंग्या आल्या, हात जड झाला, वातनाशक तेल द्या, असे म्हणत येणारे गिऱ्हाईक आपल्याकडे वैद्याच्याही आधी येते. तेल देण्यास हरकत नाही; पण हे केव्हापासून, एकाच बाजूला आहे का, आणि बोलताना जीभ जड होते का, एवढे विचारल्यावाचून बाटली गुंडाळू नये. आजच सुरू झाले असेल तर बाटली ठेवून घ्यावी. दुसरे असे की 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने मेंदूचे विकार, पक्षाघात व अपस्मार बरे करण्याच्या जाहिरातींना मनाई केलेली आहे. तरी ‘लकव्यावर खात्रीशीर’ असे छापलेले फलक दुकानांतून दिसतात. कायद्याचा धाक बाजूस ठेवू. असा फलक वाचून जो मनुष्य थांबतो, तो आपले साडेचार तास त्या दुकानात खर्च करीत असतो.

संघटनेच्या तालुका शाखांना आमची एक सूचना आहे. आपल्या भागात सी.टी. स्कॅन रात्रीही कोठे होतो, गुठळी विरघळविणारे औषध कोणत्या रुग्णालयात प्रत्यक्ष ठेवलेले असते, तेथे पोहोचण्यास किती वेळ लागतो, याची चौकशी शाखेने स्वतः जाऊन करावी आणि एका पानाची यादी प्रत्येक सभासदाच्या दवाखान्यात व औषधालयात लावावी. दर सहा महिन्यांनी ती तपासावी, कारण यंत्रे बंद पडतात आणि डॉक्टर बदलून जातात. रामनवमीस जांबेस भाविकांची गर्दी होते, भर चैत्राच्या उन्हात. त्या दिवसांत तर ती यादी मंदिराच्या परिसरातही असावी. मथळ्यात पक्षाघात, अर्धांगवायू असे शब्द घालू नयेत. ‘वारं गेलं तर’ एवढेच लिहावे, आणि खाली मोठ्या अक्षरांत 108.